अॅल्युमिनियमचा कीस न वितळवता त्याचा गज काढता येतो का?

प्रश्न (कुडाळ): आमच्या एमआयडीसीतील वर्कशॉपमध्ये लेथ आणि मिलिंगवर ६०६१ व ६०६३ या मिश्रधातूंचा बराच कीस निघतो. कुलंटने (कापताना थंडाव्यासाठी सोडलेल्या द्रवाने) ओला झालेला कीस भंगारवाले पडत्या भावानेच उचलतात. भट्टीत घातला, तर पातळ कीस वितळण्याआधीच बराच जळतो आणि मळीच फार निघते. केवळ उष्णता आणि दाब देऊन एक्स्ट्रूजनने, म्हणजे धातू साच्याच्या भोकातून ढकलून, गज काढता येतात, असे वाचनात आले. हे आमच्या आवाक्यातले आहे का?

उत्तर १: जमते, आणि कल्पना जुनी आहे, मॅक्स स्टर्न यांना याचे अमेरिकन पेटंट १९४५ मध्ये मिळाले. धुऊन वाळवलेला कीस दाबून त्याचे बिलेट (घट्ट ठोकळा) करतात आणि साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसला तापवून डायमधून (भोकाच्या साच्यातून) ढकलतात. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, म्हणजे सारे काम घन अवस्थेतच होते. खरी अडचण हवेमुळे किसावर धरणाऱ्या ऑक्साइडच्या पापुद्र्याची आहे. तो जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा असला, तरी २००० अंशांच्या खाली वितळत नाही. डायमध्ये धातू ताणला जाताना तो फुटतो आणि त्या फटींतून ताजा धातू ताज्या धातूला भिडून जुळतो. म्हणूनच धातू विभागून पुन्हा एकत्र आणणाऱ्या पोर्टहोल डायमध्ये ही जुळणी सपाट डायपेक्षा पक्की होते.

उत्तर २ (रत्नागिरी): वरील उत्तरात धुणे-वाळवणे एका शब्दात उरकले आहे, आपल्याकडे मात्र घोडे तिथेच अडते. जून ते सप्टेंबर उघड्यावर ठेवलेला कीस खाऱ्या, दमट हवेने पांढरा पडतो, आणि बिलेटमध्ये कोंडलेले पाणी किंवा तेल तापल्यावर वायू होऊन गजावर फोड आणते. दुसरे असे की, भट्टीत रसाची तपासणी करून मिश्रण दुरुस्त करता येते, इथे जे आत गेले तेच बाहेर येते. लोखंडाचा कीस चुंबकाने निघेल, पितळेचा निघणार नाही. तेव्हा दोन्ही मिश्रधातूंसाठी आधी वेगवेगळी पिंपे ठेवा.

उत्तर ३: फिरत्या डायने घर्षणाची उष्णता निर्माण करून कीस थेट गजात बदलण्याची पद्धतही आहे, तिचे पेटंट ब्रिटनच्या टीडब्ल्यूआय या वेल्डिंग-संशोधन संस्थेला १९९३ मध्ये मिळाले होते. अमेरिकेतील पॅसिफिक नॉर्थवेस्ट प्रयोगशाळेने याच वाटेने ‘शेप’ ही प्रक्रिया विकसित केली. पण छोट्या वर्कशॉपने अशा यंत्राचा किंवा शेकडो टनी प्रेसचा खर्च अंगावर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एखाद्या एक्स्ट्रूजन कारखान्याकडून चाचणीपुरता गज काढून घ्यावा आणि तो वाकवून, तोडून पाहावा. तोपर्यंत कुलंट निथळून कोरड्या किसाच्या विटा दाबल्या, तरी सध्यापेक्षा बरा भाव मिळेल.