मदत हवी आहे: ओमायक्रॉन देवयानीची एच-अल्फा उथळ दिसते, हे उत्सर्जन म्हणावं का?

नमस्कार मंडळी,

बीई ताऱ्यांचे (भोवती वायूची चकती असलेले तप्त तारे, चकतीमुळे हायड्रोजनच्या रेषा तेजस्वी म्हणजे उत्सर्जनात दिसतात) वर्णपट घ्यायला नुकतीच सुरुवात केली आहे. स्लिटवाला स्पेक्ट्रोग्राफ, विभेदनक्षमता साधारण ६००. शर्मिष्ठेतल्या गॅमा ताऱ्याने पहिल्याच रात्री खूश केलं: ६५६३ अँगस्ट्रॉमला हायड्रोजनची एच-अल्फा रेषा थेट कंटिन्युअमच्या (रेषांखेरीजच्या सलग प्रकाशाच्या पातळीच्या) वर. १८६६ मध्ये खगोलशास्त्रज्ञ सेक्कीने याच ताऱ्यात हायड्रोजनची तेजस्वी रेषा पाहिली, तीही फोटोशिवाय, हे आठवून अंगावर काटा आला.

अडलंय ते ओमायक्रॉन देवयानीपाशी. या ताऱ्याची चकती कधी असते, कधी विरून जाते, म्हणूनच त्यावर नजर ठेवायची आहे. माझ्या वर्णपटात एच-अल्फा शोषणातच आहे, पण फार उथळ. चकतीच्या मंद उत्सर्जनाने ती थोडी भरून निघाली आहे, की माझ्याच कामात खोट आहे?

आतापर्यंत केलेलं: डार्क आणि फ्लॅट (कॅमेऱ्याचे दोष काढणाऱ्या फ्रेम), निऑन दिव्याने तरंगलांबीचं कॅलिब्रेशन, अभिजितवरून उपकरणाचा प्रतिसाद. कमी विभेदनामुळे रेषा पसरते आणि उथळ दिसते हे कळतं. ६०० ला तिथे ११ अँगस्ट्रॉमपेक्षा बारीक काही सुटं होत नाही, त्यामुळे फिरत्या चकतीच्या उत्सर्जनाची दुहेरी शिखरं दिसण्याची आशाच नाही. म्हणून खोलीऐवजी समतुल्य रुंदी (रेषेने कंटिन्युअममधून खाल्लेलं एकूण क्षेत्र) मोजली. पसरण्याने ती बदलायला नको. तीही कमीच आली. पण कंटिन्युअम जरा खालीवर धरला की आकडा बराच हलतो आणि तिथेच विश्वास डळमळतो.

विखुरलेला प्रकाश मिसळला असता तर सगळ्याच रेषा उथळ झाल्या असत्या. हायड्रोजनचीच दुसरी रेषा एच-गॅमा मात्र नेहमीसारखी खोल आहे. ६८७० जवळचा आपल्याच हवेतल्या ऑक्सिजनचा पट्टाही, त्याच उंचीवरच्या दुसऱ्या ताऱ्याशी ताडून पाहिला, तितकाच खोल निघाला. त्यामुळे मन उत्सर्जनाकडे झुकतंय.

आता विचारायचं ते असं. तुलनेला कुठला तारा घ्यावा? अभिजित ए० प्रकारचा, त्याच्या हायड्रोजन रेषा मुळातच जास्त खोल. अल्फा देवयानी जवळ आहे, पण तो पारा-मँगेनीजवाला विशेष तारा. हायड्रोजनपुरता चालेल का? शिवाय ओमायक्रॉन ही अनेक ताऱ्यांची जुळणी आहे, सोबत्यांचा प्रकाशही स्लिटमध्ये येतो. तो वजा कसा धरता? आणि कंटिन्युअमसाठी एच-अल्फाच्या दोन्ही बाजूंना किती अँगस्ट्रॉम सोडता? हायड्रोजन रेषेचे पंख (पसरट कडा) लांबवर जातात, मी ५० सोडले आहेत.

बेस (BeSS) या बीई ताऱ्यांच्या वर्णपटांच्या डेटाबेसमध्ये वर्णपट पाठवायचा आहे. चुकीची नोंद माझ्या हातून जायला नको, म्हणून आधी इथे विचारतेय. कच्च्या फाइल्स हव्या असतील तर लगेच देते.