मीटिंगमध्ये आशाताई चिडतात, गटप्रवर्तकानं काय करायचं?

नवी_गटप्रवर्तक: नमस्कार, मला पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) गटप्रवर्तक म्हणून जॉइन होऊन थोडेच महिने झालेत, वीसेक आशांच्या, म्हणजे गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविकांच्या कामावर देखरेख आहे माझ्याकडे. मासिक मीटिंग सुरू झाली की पहिला विषय मोबदला, मागचा अजून जमा नाही आणि वर आभा कार्ड (आरोग्य ओळखपत्र), गोल्डन कार्ड (आयुष्मान कार्ड), नवीन सर्वे. परवा एक सीनियर ताई रजिस्टर टेबलावर आपटून म्हणाल्या, तुम्ही फक्त आकडे मागायला येता. वरून एमओ साहेबांचं (वैद्यकीय अधिकाऱ्यांचं) टार्गेट, माझ्या हातात पैसे सोडणं नाही. ओरडायचं नाहीये मला पण सगळं ऐकून घेतलं तर मीटिंगच होत नाही. काय करू?

घाटावरची_ताई: अगं आधी रजिस्टर उघडूच नको. पहिली पंधरा मिनिटं बोलू दे, चहा येऊ दे. आणि "होईल हो लवकर" हे तर अजिबात म्हणू नको, त्यानेच डोकं फिरतं. तालुक्याला आशांचं काम बघणारे समूह संघटक असतात, त्यांना मीटिंगआधी विचार, कुणाचा क्लेम कुठे अडकलाय, एएनएमची (आरोग्यसेविकेची) सही राहिली की बँक खातं चुकलंय की वरून निधीच नाही, आणि प्रत्येकीला तिचं तिचं सांग. निधीच नसेल तर तेही स्पष्ट सांग. आणि कुणाचं काम कमी असेल तर व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाव टाकू नको हं, घरी जाऊन बोल.

आशा_बोलतेय: मी आशाच आहे म्हणून सांगते, पैशापेक्षा जास्त राग कशाचा येतो माहितीये का, बाळाच्या गृहभेटी करायच्या, तिसऱ्या दिवसापासून 42व्या दिवसापर्यंत सहा भेटी, त्याचे 250 रुपये, आणि मधेच बाळंतीण माहेरी निघून गेली की मॅडम विचारणार भेट का राहिली. पहिलटकरीण माहेरी जाणारच ना! आमच्या आधीच्या मॅडम अशा वेळी माहेरच्या गावातल्या आशेला स्वतः फोन लावायच्या. त्यांच्यावर कुणी कधी चिडलं नाही.

स्पष्टच_बोलतो: सगळं बरोबर पण नुसतं गोड बोलून आशांना गप्प बसवणं हेही कामच झालं की साहेबांचं. 2024 ला राज्य सरकारचे महिन्याला 5000 वाढले ते संपावर बसल्यामुळे, चहामुळे नाही. त्यांच्या तक्रारी लेखी घे, एमओंची पोच घे, मग बघ.

घाटावरची_ताई: पोच घ्यायचं पटलं. पण गटप्रवर्तक पण कायम नोकरीत नसते हो दादा, तिचं पण टी.ए. (प्रवासभत्त्याचं) बिल अडकलेलंच असतं, तिनं एकटीनं किती भांडायचं. आशांच्या सह्या घेऊन अर्ज द्यावा, एकटीच्या नावाने नको.

नवी_गटप्रवर्तक: माहेरच्या आशेला फोनचं डोक्यातच आलं नव्हतं, दोन केसेस आहेत अशा, आजच लावते. क्लेमची यादी समूह संघटक फोनवर देतात का, की तालुक्याला जावं लागतं?

घाटावरची_ताई: फोनवर नाही देत कुणी. मंगळवार-बुधवार जा, सोमवारी त्यांची व्हीसी (व्हिडिओवरची मीटिंग) असते.