प्रेत ‘आखडतं’ की ‘ताठरतं’?

अमळनेर : एका पंचनाम्यात ‘प्रेत ताठरलेले’ असं वाचलं. वैद्यकीय लेखात ‘मरणोत्तर काठिण्य’ दिसलं. आमच्या घरात ‘अंग आखडलं’ म्हणतात, आणि अहिराणीत म्हातारी माणसं ‘आंग लाकूड व्हई गयं’ म्हणतात. चारही एकच का? लिहिताना कोणता वापरावा? आणि जीव गेल्यावर स्नायू ढिले पडायचे सोडून कडक का होतात?

धुळे : ताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण शब्दाचा निकाल तिथेच लागतो. आधी स्नायू ढिलेच पडतात. म्हणून तर जबडा उघडा राहतो. कडकपणा काही तासांनी येतो.

स्नायूत अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे तंतू असतात. मायोसिनची टोकं अ‍ॅक्टिनला धरून ओढतात, तेव्हा स्नायू आकुंचन पावतो. धरलेली पकड सोडवायलासुद्धा एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) लागतो, हे सहसा कोणी सांगत नाही. एटीपीचा रेणू मायोसिनला येऊन चिकटला तरच ते टोक सुटतं. श्वास थांबला की ऑक्सिजन येत नाही. स्नायूतल्या क्रिएटिन फॉस्फेटवर आणि ग्लायकोजेनवर थोडा वेळ एटीपी बनत राहतो, मग तोही संपतो. तोवर पेशीतल्या साठ्यातलं कॅल्शियम पाझरून आणखी टोकं अ‍ॅक्टिनला धरतात, आणि आता सुटायला काहीच उरत नाही.

म्हणून ‘आखडणे’ मला पटत नाही. थंडीनं बोटं आखडतात, त्यात आकसून जवळ येणं आहे. इथे हात जसा पडलेला असतो तसाच कडक होतो. ‘ताठरणे’ घ्या.

चोपडा : पण भाऊ, ताठ म्हणजे सरळ. दुमडलेला गुडघा ‘ताठरला’ कसं म्हणायचं?

धुळे : ‘ताठ’ आणि ‘ताठर’ वेगळे. ताठ मान सरळ असते, पण ताठर भूमिका म्हणजे न वाकणारी, न बदलणारी. गुडघा दुमडलेला असूनही ताठर असू शकतो. ‘काठिण्य’ चुकीचं नाही, पण कठीण तर दगडही असतो. आधी सैल होतं आणि मग वळेनासं झालं, हा बदल ‘ताठरलं’ या क्रियापदातच येतो.

चोपडा : पटलं. मी रुग्णसेवेत आहे, म्हणून थोडी भर घालते. आपल्याकडे निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी सुरतेला असतं. ते येईपर्यंत अंत्यविधी थांबतो. जाणती माणसं लगेच डोळे मिटतात, हनुवटीखालून पट्टी घेऊन डोक्यावर बांधतात, हातपाय सरळ करून पायाचे अंगठे बांधतात. हे वेळेतच करावं लागतं. ताठरपणा आधी पापण्या, जबडा, मान इथे जाणवतो, मग हातापायांत. हा क्रम निस्तेन या फ्रेंच वैद्यानं 1811 मध्ये मांडला होता. साधारण 2-3 तासांत सुरुवात होते आणि 12 तासांच्या आसपास सगळं अंग ताठरतं. पण हे आकडे घड्याळासारखे धरू नका. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा 45 अंशांकडे जातो, तेव्हा ताठरपणा लवकर येतो आणि लवकर जातो. मरणाआधी माणूस खूप राबला असेल किंवा अंगात ताप असेल तरीही लवकर येतो, कारण एटीपी आधीच खर्च झालेला असतो.

आणखी एक, मनापासून सांगते. अंग कडक लागलं की घरच्यांना वाटतं, शेवटी फार त्रास झाला असणार. तसा त्याचा अर्थ नसतो. झोपेत शांतपणे गेलेल्याचंही अंग ताठरतं. आणि पूर्ण ताठरलेला हात जोर लावून सरळ करू नका, विशेषतः शवविच्छेदन व्हायचं असेल तर. एकदा मोडलेला ताठरपणा पुन्हा येत नाही, आणि डॉक्टरांचा मृत्यूच्या वेळेचा अंदाज चुकू शकतो.

अमळनेर : मग पुढे अंग पुन्हा सैल होतं, त्याला काय म्हणायचं?

धुळे : लेखात ‘दुय्यम शैथिल्य’ लिहा; मृत्यूनंतर लगेच येतं ते ‘प्राथमिक शैथिल्य’. बोलताना ‘ताठरपणा उतरला’ पुरे. फक्त ‘स्नायू मोकळे झाले’ लिहू नका. एटीपी परत येऊन पकड सुटलेली नसते. पेशीतलीच विकरं (एन्झाइम) प्रथिनांची मोडतोड करतात, तंतूच तुटायला लागतात, आणि म्हणून अंग सैल पडतं.