‘यू आर ऑल सेट’ मराठीत कसं म्हणाल?

दुभाषी
भिंतीवर लावायच्या एका तापमान-नियंत्रकाच्या माहितीपुस्तिकेचा अनुवाद करतोय. पहिल्याच पानावर ‘सेट’ पाच वेळा येतो. चार स्क्रूंचा सेट. पट्टी भिंतीवर सेट करा. गोंद सेट होऊ द्या. तापमान सेट करा. आणि सगळं झाल्यावर पडद्यावर: ‘यू आर ऑल सेट’.
काम देणाऱ्यांनी एक परिभाषा-यादी दिली आहे. त्यात लिहिलंय, नाम असेल तर ‘संच’, क्रियापद असेल तर ‘स्थापित करणे’, आणि यादीबाहेर जायचं नाही. म्हणजे ‘तापमान २४ अंशांवर स्थापित करा’ आणि ‘गोंद २४ तास स्थापित होऊ द्या’. मी ‘तापमान २४ वर ठेवा’ आणि ‘गोंद सुकू द्या’ असं लिहिलं, तर लाल शाईत परत आलं. शेवटच्या वाक्याचं तर काहीच सुचत नाही. यादीप्रमाणे ते ‘तुम्ही सर्व स्थापित आहात’ होतंय. सुचवा काहीतरी.

टवाळ
‘तुम्ही सर्व प्रस्थापित आहात.’ निदान खरं तरी वाटेल.

ओळंबा
बाकीचं भाषावाले बघतील, पण ‘गोंद सुकू द्या’ लिहू नका. सुकणं आणि सेट होणं यांत फरक आहे. सिमेंट सुकून घट्ट होत नाही, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं. लवकर सुकलं तर उलट कच्चं राहतं आणि तडे जातात. म्हणून तर ते धरल्यावर पुढे किमान सात दिवस त्यावर पाणी मारतात. दोन नळ्यांतला गोंद मिसळून लावतात, त्याचंही तसंच. आमचे गवंडी म्हणतात ‘माल धरला’. ‘गोंद धरू द्या’ लिहा.

शुद्धमती
‘धरू द्या’ उत्तम. पण तापमानासाठी ‘ठेवा’ फार ढोबळ झालं. ‘निर्धारित करा’ किंवा ‘निश्चित करा’ का नको? मराठीत शब्द असताना ‘सेट करा’ लिहिणं हा निव्वळ आळस आहे.

अर्धविराम
‘तापमान निर्धारित करा’ असं पडद्यावर आलं की माझे वडील चष्मा काढून मला हाक मारतील. आपण गजर लावतो, प्रश्नपत्रिका काढतो, सापळा लावतो, पायंडा पाडतो, हाड बसवतो. इंग्रजीत या सगळ्याला सेट. मराठी माणूस यातलं काहीही निर्धारित करत नाही.

शुद्धमती
अहो, ही सगळी मराठीच क्रियापदं दिलीत की! म्हणजे माझंच म्हणणं झालं. आणि कानाला खटकण्याचं म्हणाल, तर ‘महापौर’ आणि ‘दिग्दर्शक’ही सुरुवातीला खटकलेच असतील. सावरकरांनी दिले, लोकांनी वापरले, रुळले.

अर्धविराम
रुळली ती नामं. नाम वरून देता येतं, पाटीवर लिहिता येतं. क्रियापदाचं तसं नाही, ते तोंडातूनच यावं लागतं. ‘करणे’ची शेपटी लावलेली संस्कृत क्रियापदं कचेरीच्या कागदाबाहेर किती जगली ते सांगा.

कोशकीटक
यादी करणाऱ्याने नकळत एक गोष्ट बरोबर केली आहे: नाम आणि क्रियापद वेगळं ठेवलं. हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत. ‘संच’ या अर्थाचा सेट जुन्या फ्रेंचमधून आला, लॅटिन ‘सेक्टा’पासून. पंथ या अर्थाचा ‘सेक्ट’ त्याचा सख्खा भाऊ. क्रियापद सेट मात्र अस्सल जर्मानिक. ‘सिट’चं प्रयोजक रूप म्हणजे सेट. पुढे दोघे एकमेकांत मिसळले ते वेगळं.
आणि त्या क्रियापदाचा पसारा तरी केवढा! ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत एकट्या ‘सेट’ क्रियापदाचे ४३० च्या वर अर्थ आहेत, नोंद सुमारे ६०,००० शब्दांची. तेव्हाची ती सर्वांत लांब नोंद. नव्या सुधारणांत आधी ‘मेक’, मग ‘पुट’ आणि २०११ मध्ये ‘रन’ पुढे गेला. अशा शब्दाला एकच मराठी प्रतिशब्द नेमून देणाऱ्याच्या धाडसाला नमस्कार.

शेठजी
सेट हा आपल्या ‘शेठ’वरूनच गेला असणार. ज्याचं सगळं सेट असतं तो शेठ.

कोशकीटक
शेठ आला ‘श्रेष्ठिन्’वरून. सेटचं आपल्याशी नातं आहे, पण ते ‘सद्’ धातूमार्फत. सदन, संसद, परिषद, सभासद, उपनिषद ही सगळी त्याच बसण्याची बाळं. ‘नीड’सुद्धा त्यातलंच, नि + सद्, खाली बसायची जागा. इंग्रजी ‘नेस्ट’ त्याचं चुलत भावंड. घरट्यापासून संसदेपर्यंत एकच धातू, ही मला भयंकर आवडणारी गोष्ट आहे.

शेठजी
म्हणजे ‘बसणे’ही सद्-वरून?

कोशकीटक
नाही. ते ‘उपविश्’वरून: जुन्या मराठीत ‘बैसणे’, आता ‘बसणे’. ‘बैठक’ त्याच घरातली.

परदेशी पाहुणा
मूळ प्रश्नाबद्दल: अमेरिकेत ‘ऑल सेट’चा अर्थ ‘तयार’ एवढाच नाही. दुकानात कोणी ‘आर यू ऑल सेट?’ विचारलं की त्याला म्हणायचं असतं ‘आणखी काही हवंय का?’ आणि ‘आय अ‍ॅम ऑल सेट’ म्हणजे ‘नको, माझं झालं’. त्यामुळे ‘तुम्ही सज्ज आहात’ कराल तर लढाईला निघाल्यासारखं वाटेल. नुसतं ‘झालं!’ लिहा.

दुभाषी
‘झालं!’ मलाही आवडलं. पण तपासनीस म्हणतात, अनौपचारिक आहे आणि कर्ता कुठे आहे?

अर्धविराम
आपण बोलताना ‘सेट’ वापरतो तो तरी इंग्रजी कुठे राहिलाय? ‘पोरगं सेट झालं’, ‘सेटिंग लावून काम केलं’. इंग्रजाला सांगा, मी सेटिंग लावली. तो नाटकाचा पडदा शोधेल.

टवाळ
मग ‘सेटिंग लावा’ हेच छापा. तापमानाचं काम होईल, शिवाय बाकीचीही कामं होतील.

शुद्धमती
विनोद पुरे. कोशकीटक म्हणतात त्याप्रमाणे सिट आणि सेट म्हणजे हुबेहूब बसणे आणि बसवणे. मग सगळीकडे ‘बसवणे’ घ्या की! पट्टी बसवतो, हिरा बसवतो, नाटक बसवतो, घडी बसवतो, जम बसवतो. यादीचा आग्रहही राहील आणि मराठीही.

अर्धविराम
तापमान २४ वर बसवा? आणि बसणेचं दुसरं तोंड विसरलात. घसा बसतो, धंदा बसतो. ‘गोंद बसला’ म्हटलं की पट्टी पडलीच असं वाटेल.

कोशकीटक
तसं सेटलाही ते तोंड आहे, सूर्य सेट होतोच ना. बसण्यातच खाली जाणं आलं. गंमत म्हणजे धक्का, चटका, विश्वास, हेही आपल्याकडे बसतातच. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश काढून बघा, १८५७ ची आवृत्ती. मी ‘बसणें’ चाळायला घेतलं की तासभर तिथेच बसतो.

ओळंबा
शिवाय ‘मोटर बसवली’ म्हणजे जोडली आणि ‘मोटर बसली’ म्हणजे बंद पडली. पुस्तिकेत हा घोळ परवडणारा नाही.

शुद्धमती
आमच्याकडे ‘मोटर बसली’ म्हणजे जागेवर नीट बसली. बंद पडली असेल तर ‘जळाली’ म्हणतात.

ओळंबा
जळणं वेगळं, बसणं वेगळं. जळालेल्या मोटरला वास येतो.