शूफा, म्हणजे चिनी कॅलिग्राफी, म्हणजे नुसतं 'सुंदर हस्ताक्षर'?

दौतटाक:
काल प्रवासवर्णनाच्या धाग्यावर एकाने लिहिलं, "चिनी कॅलिग्राफी म्हणजे सुंदर हस्ताक्षर. तिला चित्रकलेच्या पंगतीला बसवणं हा डांगोरा आहे. तिकडे सगळे मोबाइलवर टाइप करतात, ही कला कधीच मेली." उत्तर लांबलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

सुंदर हस्ताक्षर? मग थांग राजवटीतला कॅलिग्राफर यान जनछिंग याचा इ.स. 758 मधला शोकलेख पाहा. आन लूशानच्या बंडात पुतण्या मारला गेला, त्याच्यासाठी लिहिलेला हा कच्चा मसुदा. खाडाखोड, फराटे, शाई संपत आली तरी तशाच ओढलेल्या कोरड्या रेघा. आमच्या मास्तरांनी पान फाडलं असतं. चीनमध्ये मात्र शिंगशू, म्हणजे सलग वाहत्या लिखाणाच्या शैलीत त्याचा मान दुसरा! पहिला कॅलिग्राफर वांग शीजीने 353 मध्ये एका कवितासंग्रहासाठी लिहिलेल्या लानथिंग प्रस्तावनेचा, जिची मूळ प्रत हरवली आणि लोक आजही नकलांवरून गिरवतात.

श्युआन, म्हणजे कुंचल्याच्या लिखाणाचा चिनी कागद, शाई लगेच पितो. चुकलं तर गिरवून लपवता येत नाही. हात कुठे थबकला, कुठे धावला, कुंचला कधी पुन्हा बुडवला, सगळं तिथेच राहतं. साडेबाराशे वर्षांपूर्वीचा माणूस कुठे अडखळला ते आपल्याला दिसतं.

आणि मेली म्हणे! बीजिंगला चार वर्षं होतो. थिएनथान बागेत पेन्शनर मंडळी काठीला लावलेला स्पंजचा कुंचला पाण्यात बुडवून फरशीवर थांग काळातल्या कविता लिहायची. उन्हाळ्यात चौथी ओळ होईतो पहिली वाळून गेलेली असायची. तरी रोज यायची.

कळफलक:
तो प्रतिसाद माझाच. मी शांघायला सहा वर्षं नोकरी केली. शेजारच्या टेबलावरची मुलगी, चांगली एमए झालेली. दवाखान्याच्या फॉर्मवर 'खोकला' लिहायला गेली आणि दुसरं अक्षरच आठवेना. फोन काढला, रोमन लिपीत टाइप केलं, पडद्यावर बघून उतरवलं. याला त्यांच्याकडे शब्दच आहे: 'लेखणी उचलली की अक्षर विसरलं'. बागेतले आजोबा सांगू नका, तिशीतला माणूस दाखवा.

तैपेईकर:
फोनला कशाला दोष देता? घात 1956 साली झाला, चीन सरकारने अक्षरं सोपी करायला घेतली तेव्हा. 'प्रेम' या अक्षराच्या पोटातलं हृदयच काढून टाकलं. अक्षराचा अर्थ कापला की ते लक्षात राहील कसं?

पुस्ती:
हे हृदयाचं रडगाणं आता पुरे. मी पाच वर्षं चिनी शिकले. सोपी रूपं काही कुणी कचेरीत बसून शोधली नाहीत. बरीचशी त्साओशूमधून, म्हणजे घाईच्या लिखाणातून आली. 'पूर्व', 'पुस्तक' ही तशीच. शतकानुशतकं कुंचल्यानेच घडवलेली रूपं आहेत ती.

तैपेईकर:
ताई, कुंचल्याचं वळण वेगळं आणि छापखान्याचा खिळा वेगळा. त्साओशूत रेघा गळतात त्या वेगामुळे. तेच रूप खिळ्यात गोठवलं की वेग जातो आणि नुसता सांगाडा उरतो. पाच वर्षांच्या अभ्यासावर हे कळत नाही.

पुस्ती:
माझा अभ्यास काढायची गरज नव्हती. साक्षरता वाढावी म्हणून ते केलं होतं, शेतमजुराच्या पोराला वाचता यावं म्हणून. आणि तुमच्या तैपेईत तर काहीच सोपं केलेलं नाही ना? मग माझी तिथली मैत्रीण किराणाच्या यादीत अक्षरांऐवजी बोपोमोफो, म्हणजे नुसत्या उच्चाराची चिन्हं, का लिहिते?

तैपेईकर:
विसरतात तिथेही. मान्य. पण छापलेलं ते 'प्रेम' माझ्या डोळ्यांना टोचतं, हे मी मागे घेणार नाही.

कळफलक:
म्हणजे दोन्हीकडे विसरतात. माझं म्हणणं तुम्हीच सिद्ध केलंत.

दौतटाक:
नाही हो. विसरणं आणि मरणं एक नाही. 2019 मध्ये तैपेईच्या राजवाडा संग्रहालयाने हाच शोकलेख तोक्योला प्रदर्शनासाठी दिला, तेव्हा तैवान आणि चीन, दोन्हीकडे लोक खवळले. नाजूक कागद आहे, प्रवासात काही झालं तर, म्हणून. मेलेल्या कलेसाठी कोण एवढं भांडतं? आणि तिशीतला माणूस हवा ना? माझा बीजिंगचा घरमालक चौतीस वर्षांचा होता. नववर्षाला दारावर लावायची लाल जोडवचनं बाजारात छापील मिळतात, पण हा स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद पसरून स्वतः लिहायचा. अक्षर बेताचंच होतं. मी विचारलं तर म्हणाला, वडील लिहायचे, दार माझं आहे तर मीच लिहिणार.

कळफलक:
एका घरमालकावरून देश ठरत नाही. माझ्या इमारतीत सगळ्या दारांवर बँकेने फुकट वाटलेली छापील जोडवचनं होती.

तुमच्या शोकलेखाचा फोटो मात्र रात्री मोठा करून पाहिला. सुरुवातीला सावरून लिहिलंय, शेवटाकडे अक्षरं सैरभैर होत जातात. वाचता काही आलं नाही, तरी पुढे झोप लागेना. 'हस्ताक्षर' हा शब्द मागे घेतो. बाकी काही नाही.