मदत हवी आहे : क्लाउनफिशची पिल्ले आर्टेमियावर (कोळंबीसारख्या बारीक जिवंत खाद्यावर) आणताना दगावतात
माझ्याकडील ओसेलारिस क्लाउनफिशची जोडी नियमित अंडी घालते आणि नर परांनी पाणी ढवळत ती इमाने इतबारे राखतो. अंड्यांतले डोळे रुपेरी दिसू लागले की ज्या फरशीवर ती चिकटवलेली असतात ती फरशी मी वेगळ्या टाकीत हलवतो. पिल्ले अंधार पडल्यावरच बाहेर येतात. २७ अंश तापमानात, हिरव्या (सूक्ष्म शेवाळ मिसळलेल्या) पाण्यात, रोटिफर या सूक्ष्म जिवांच्या खाद्यावर ती पहिला आठवडा तग धरतात. मात्र पांढरे पट्टे उमटण्याच्या सुमारास त्यांना नुकत्याच फुटलेल्या आर्टेमियावर आणू लागताच, पोटे भरलेली दिसत असूनही, बरीचशी तळाशी गिरक्या घेत मरतात. अमोनिया चाचणीत आढळत नाही, त्यामुळे माझा संशय खाद्यावरच आहे. रोटिफर आणि आर्टेमिया किती दिवस एकत्र द्यावेत आणि आर्टेमियाला आधी शेवाळ चारल्याने फरक पडतो का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.