शेकरांचा चपटा झाडू: ज्वारी कोणती, हत्यारं कोणती?

जुळे_सोलापूर: अमेरिकेतल्या शेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांसारखा हाताने शिवलेला चपटा झाडू करायचा आहे. तो ज्वारीचाच होतो म्हणतात. मग आपली मालदांडी चालेल का? आणि हत्यारं काय लागतील?

कडबा_कुट्टी: मालदांडी नाही चालणार. तिचं कणीस गच्च, काड्या बोटभर. झाडूच्या ज्वारीत कणसाचा कणा आखूड आणि त्यातून फुटलेल्या काड्या हात-दीड हात लांब असतात. बियाणं वेगळंच हवं, आणि ते मालदांडीला खेटून पेरू नका. परागीभवनात मिसळ होते, पुढच्या वर्षी दोन्ही बियाणी बिघडतात.

कणीस चिकात असतानाच कापा. हुरड्यापर्यंत थांबलात तर काडी तांबूस आणि ठिसूळ होते. वाळवण सावलीत. दाणे झोडपून काढू नका, टोकं फाटतात. फळीवर खिळे ठोकून फणी करा आणि तिच्यातून कणसं ओढा.

दाभण: चपट्या झाडूचं श्रेय न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरव्हलीट या शेकर वस्तीतल्या थिओडोर बेट्स यांना देतात, साल १७९८. गोल झाडू जमिनीला मधोमधच टेकतो, चपट्याची सगळी कड टेकते. फार मोलाची सुधारणा आहे ही.

एका झाडूला साधारण पाऊण किलो काडी, इंचभर जाडीचा दांडा आणि १८ गेजची जस्ती तार. दांड्याच्या टोकाजवळ भोक पाडून तार अडकवा. तारेचं रीळ पायाखाली दाबून ताण ठेवा आणि दांडा फिरवत गुंडाळा. आधी आतला थर, मग दोन्ही बाजूंना जादा जुड्या (झाडूचे खांदे याच जुड्यांनी बनतात), शेवटी निवडक काड्यांचा बाहेरचा थर.

मग शिकंजा. दोन सपाट लाकडी फळ्या आणि दोन्ही टोकांना बोल्ट, एवढं पुरतं. झाडू आत दाबलेला असतानाच मेण लावलेल्या सुतळीने तीन-चार ओळी शिवा. या कामाच्या सुईला दोन्हीकडे टोक असतं. आपलं दाभण चालतं, फक्त दर टाक्याला उलटं फिरवावं लागतं. तळहाताला जाड चामडं बांधा.

जुळे_सोलापूर: वाळल्यावर तार सैल पडते ती कशामुळे?

दाभण: काडी जास्त भिजल्यामुळे. फुगलेल्या देठावर तार बसते, देठ आकसला की ढिली होते. गुंडाळण्याआधी फक्त देठाकडचा भाग कोमट पाण्यात वीसेक मिनिटं बुडवा, टोकं कोरडीच ठेवा. झाडू तयार झाला की खुंटीला टांगा. शेकरांच्या खोल्यांत भिंतभर खुंट्यांची पट्टी असे. झाडू टोकांवर उभा ठेवला की काड्या वाकतात, त्या पुन्हा सरळ होत नाहीत.